पुलाचा कठडा आणि सासूबाईंचा अबोला

जिना चढताना माणसाचे हात कुठं असतात, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, आणि तेही माझ्याशी एक शब्द न बोलता. तांत्रिक शाळेत दोन वर्षं घासली तरी हा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. आजही मी कुणाच्या घरी गेलो की आधी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवतो, तो हलवून पाहतो, वितीनं त्याची उंची मोजतो आणि मगच घरच्यांची विचारपूस करतो. माझ्या मुलांना याची लाज वाटते. वाटू दे.

गोष्ट वणीची, साठ सालानंतरच्या एका हंगामातली. मी मूळचा यवतमाळकडचा. नकाशे काढायचं शिक्षण घेऊन वणीच्या एका जिनिंग कारखान्यात लागलो होतो. कापसातली सरकी वेगळी काढून रुई करायचा हा कारखाना. आमच्याकडं त्याला नुसतं 'जीन' म्हणतात. यंत्राचा एखादा भाग मोडला की त्याचं चित्र काढायचं, शेडची डागडुजी करून घ्यायची, असं माझं काम. आमच्या घराण्यात हातात पट्टी-पेन्सिल घेऊन खुर्चीवर बसणारा मी पहिलाच, त्यामुळं माझं नाक जरा वर असायचं, हे कबूल करतो.

त्याच वर्षी वणीतल्याच एका मुलीशी माझं लग्न झालं. माझी सासू त्याच जिनात मुकादमीण होती. बाहेरच्या अंगणातल्या ढिगातून कापूस डोक्यावर वाहून वर यंत्रांपाशी नेऊन टाकणाऱ्या तीस-बत्तीस बायांची ती पुढारी. अंगानं बुटकी, चालीनं तुरुतुरु, आणि आवाज असा की यंत्रं चालू असतानाही तिची हाक शेवटच्या बाईपर्यंत पोचायची.

हा आवाज माझ्या वाट्याला मात्र कधी आला नाही. आमच्याकडं सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. छप्पन साली दोन्ही घरांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारे गेले, नवस गेले, उपासतापास गेले. माझं लग्नही नव्या पद्धतीनं झालं, ना हुंडा ना रुसवेफुगवे. पण सासूनं जावयापुढं तोंडावर पदर ओढायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही, एवढं मात्र राहून गेलं. ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. सुट्टीच्या दिवशी मी सासुरवाडीला जेवायला बसलो की दोन हातांवरून सासूबाई माझ्या बायकोला सांगत, "अव, त्यायले सांग, भाकर गरम हाय तवर खा म्हना." बायको पाण्याला गेलेली असली तर दारातल्या कोंबडीला सांगत, "कोंबडे, त्यायचा चहा थंडा होऊन राह्यला." मी चहा प्यायचो. कोंबडी दाणे टिपायची. सगळं नीट चाललं होतं.

आता त्या पुलाबद्दल सांगायला हवं. अंगणातून एक लाकडी जिना यंत्रांच्या शेडच्या भिंतीला लागून वर जायचा. तो संपला की तसाच भिंतीच्या कडेनं लाकडी फळ्यांचा एक लांब रस्ता होता. बाया त्याला पूल म्हणत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली दीड पुरुष खोल अंगण. एक आडवा बांबू कोणे एके काळी बांधलेला होता, पण त्यावर कावळाही जपून बसायचा. बाया गाठोडं घेऊन या जिन्यानं चढत, पुलावरून जात, कापूस यंत्रांपाशी ओतत आणि पलीकडच्या जिन्यानं रिकाम्या उतरत. इतकी वर्षं त्या एकामागं एक, भिंतीला लागून चालत. त्या हंगामात कारखान्यानं चार यंत्रं वाढवली आणि दुप्पट कापूस लागायला लागला. मग पुलावर बायांच्या दोन रांगा झाल्या, एक भिंतीकडून आणि दुसरी उघड्या कडेनं.

पंधरवड्यातच कडेच्या रांगेतली एक तरणी बाई गाठोड्यासकट खाली गेली. नशीब तिचं आणि आमचंही, की खाली कापसाचा ढीग होता. ती कंबरेपर्यंत कापसात रुतली, वर बघून हसायला लागली आणि मग पाय मुरगळल्याचं लक्षात आल्यावर रडायला लागली. पण माघ सरत आला की ढीग उतरतो आणि खाली नुसती फरशी राहते, हे सगळ्यांना माहीत होतं.

आमचे मॅनेजरसाहेब भल्या घरचे, तीन पिढ्या कचेरीत काढलेले, भित्रे पण सज्जन. ते बाईला उचलताना स्वतः धावले होते. त्यांनी मला आणि सासूबाईंना एकत्रच बोलावलं. सासूबाई मला पाहून पदराआड गेल्या.

"तुम्ही कठडा बसवा," साहेब मला म्हणाले. "पण कठडा असूनही कुणी पडायला आलं, तर बायकांचं वरचं काम बंद. पुरुष गडी लावीन आणि दोरानं कापूस वर ओढून घेईन. मला कुणाचा जीव जायला नको आहे."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सासूबाईंची त्या पुलावर एकोणीस हंगामांची ये-जा होती. वरचं काम गेलं की बायांना उरायचं ते ढिगाशी बसून कवडी वेचण्याचं, म्हणजे चांगल्या कापसातला किडका, पिवळा कापूस बाजूला काढण्याचं. ते काम थकलेल्या बाया करीत. त्या संध्याकाळी मी सासुरवाडीच्या ओट्यावर बसलो होतो आणि आतून सासूबाई कोंबडीला सांगत होत्या, "मले नाही कवडी येचाची व माय. मी एकडाव खाली बसली का मंग उठत नाही." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला गलबलून आलं आणि मी मनाशी ठरवलं, असा कठडा करीन की कारखानदार बाहेरगावाहून पाहायला येतील.

तीन दिवस मी त्या नकाशावर बसलो. पुस्तक काढलं. कठड्याची उंची तीन फूट. मुठीत नीट बसेल असा गोल लोखंडी पाइप. दर चार फुटांवर खांब, त्याला पाइप धरून ठेवणारा लोखंडी चिमटा, मध्ये एक आडवी सळई. माणूस तोल जाऊन कठडा धरतो तेव्हा त्यावर किती ओढ पडते, याचं गणितही मांडलं. पुस्तकातल्या चित्रात हॅट घातलेला एक गृहस्थ कठडा धरून ऐटीत उतरत होता. त्यालाही मी कोपऱ्यात उतरवला, फक्त हॅटच्या जागी टोपी घातली. काळ्या शाईनं नकाशा पुरा केला आणि मॅनेजरसाहेबांपुढं ठेवला. ते म्हणाले, "वा!" मी तो नकाशा बायकोलाही दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "या बाप्याच्या डोक्यावर गाठोडं काहून नाही?"

"चित्र आहे ते," मी म्हणालो. "समजण्यापुरतं."

"हो का?" असं म्हणून ती भाकरीकडं वळली. तिथंच मला अक्कल यायला हवी होती.

कठडा झाला. जिनाचा म्हातारा सुतार मिस्त्री लाकडात मुरलेला. त्याला लोखंडाचा तिटकारा. तरी त्यानं खांब नेटके रोवले. बायांनी झेंडूच्या माळा करून पाइपाला गुंडाळल्या, कुणीतरी नारळ फोडला, कुणी गूळ वाटला. आणि मग मी जो सोहळा पाहिला, त्यानं माझी छाती फुगली. बाया गाठोडी घेऊन वर चढत होत्या आणि कडेच्या रांगेतली प्रत्येक बाई एक हात गाठोड्याला लावून दुसऱ्या हातानं माझा कठडा धरून चालत होती. एकीनंही सोडला नाही. मी दिवसातून तीन-चार वेळा काही ना काही निमित्तानं अंगणात चक्कर मारायचो, आणि दर वेळी तेच दृश्य. जिन्याच्या पायथ्याशी कवडी वेचणारी एक आजी बसायची, तिला बिचारीला खोकला फार. मी गेलो की हमखास तिला ढास लागायची. मी तिला अडुळशाचा काढा घ्यायला सांगितलं. तिनं मान हलवली आणि आणखी खोकली.

फक्त एक गोष्ट मला कळेना. पहिल्या आठवड्यात पुलावरून तीन गाठोडी खाली पडली. दुसऱ्या आठवड्यात पाच. कठडा नसताना, त्या एका अपघाताखेरीज, हंगामभरात गाठोडी पडत नसत, आणि आता इतका भक्कम आधार असताना पडत होती. मी चिडलो. बायांना हयगय करायची सवय लागली, असं मी बायकोसमोर बोलूनही गेलो. ती गप्प बसली. आणि सासूबाई तर इतक्या गप्प झाल्या की सुट्टीच्या दिवशी कोंबडीलाही काही सांगेनात. भाकर थंड झाली तरी कुणी काही बोललं नाही.

मग तो दिवस आला. मी एक नकाशा दाखवायला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेलो. ते बाहेर गेले होते. त्यांची खिडकी पुलाच्या बरोबर समोर, आणि तिथून मी बायांना दिसत नव्हतो. वाट पाहत उभा राहिलो आणि सहज नजर गेली.

पुलावर माझा कठडा कुणीही धरत नव्हतं.

दोन्ही रांगांतल्या बाया दोन्ही हात वर करून, गाठोडं दोन्हीकडून धरून, मान ताठ ठेवून सरसर चालत होत्या. कोपरं कानांशी. कापसाचं गाठोडं म्हणजे वजनाला थोडं आणि आकाराला अवाढव्य. ते एका हातानं सावरतच नाही, वारा आला की कलतं. मी त्यांच्या वर गेलेल्या हातांकडं पाहत राहिलो. मी मुठीत बसणारा पाइप केला होता, आणि त्या पुलावर एकही मूठ रिकामी नव्हती.

मी तावातावानं खाली उतरलो. अंगणात पाऊल टाकलं आणि आजीला ढास लागली. त्यासरशी कडेच्या रांगेतल्या सगळ्या बायांनी एकेक हात गाठोड्यावरून काढला आणि पाइपावर ठेवला. तेव्हा मला तो खोकला कळला.

आणि तेवढ्यातच ते घडलं. पुढची एक बाई घाईनं हात खाली नेताना कलली, गाठोडं उघड्या बाजूला झुकलं आणि तिच्याबरोबर तीही झुकली. तिचा पदर माझ्या खांबाच्या चिमट्यात अडकला होता, तिला वळताही येईना. मागं सासूबाई होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर पदर ओढला होता, तरी त्यांना कसं समजलं कोण जाणे. गाठोडं न सोडता त्यांनी आपली कंबर त्या बाईच्या कंबरेला नेऊन भिडवली आणि तिला आत रेटलं. गाठोडं खाली आलं. बाई वर राहिली. माझा जीव भांड्यात पडला, पण फाटकातून आत येणाऱ्या मॅनेजरसाहेबांनीही ते पाहिलं होतं.

मी बायांवर ओरडलो. "काहून धरता तो पाइप? दोन हात लागतात ना गाठोड्याले?"

बाया एकमेकींकडं पाहून हसू दाबायला लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, "मुकादमीनबाईचे जवाई तुमी. तुमी येवढं मेहनतीनं केलं. तुमच्यासमोर नाही धरलं तं बरं दिसते काय?"

माझा मान राखायला ह्या बाया रोज दिवसातून चार वेळा जीव टांगणीला लावत होत्या, आणि मी मान मिळतो म्हणून मुद्दाम चकरा मारत होतो. मी शरमेनं पाणी पाणी झालो.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "कठडा चांगला आहे तुमचा. पण ह्या बायकांना तो वापरता येत नाही. सोमवारपासून पुरुष गडी सांगतो."

"साहेब, बायकांचं चुकलं नाही. कठडा चुकला," मी म्हणालो. हे म्हणणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. "मला सोमवारपर्यंत द्या. सोमवारी सकाळी तुम्हीच पाहा. नाही पटलं तर गडी लावा."

त्यांनी मान डोलावली. हातात अडीच दिवस होते.

घरी गेलो तो बायकोवर भडकत. "तुले माहीत होतं?"

"होतं ना," ती म्हणाली. "मी मायले म्हटलं, सांगून टाकतो. तं माय म्हने, जवायाच्या कामाले नाव ठेवनं बरं नाही दिसत. लोक काय म्हनतीन."

"आन् बाई पडली असती तं लोक काय म्हनले असते?"

आम्ही दोघं तडक सासुरवाडीला गेलो. सासूबाई चुलीपुढं होत्या; मला पाहून पाठ केली. बायको आत गेली, मी ओट्यावर बसलो. कोंबडी समोरच होती. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीशी बोललो.

"कोंबडे," मी म्हणालो, "तुया मालकिनीले सांग, माया कठड्यात काय काय चुकलं ते मले आयकाचं हाय. मान-पान सोमवारनंतर पाहू."

मग बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मग सासूबाई, चुलीकडं तोंड करूनच, मुलीला म्हणाल्या, "त्यायले म्हना, पुलावरची भिंत पाहून घ्या. मले सांगता येत नाही. भिंतीवर हाय सारं."

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आत मी सुताराला घेऊन पुलावर गेलो. त्याला सांगितलं, एक गाठोडं माझ्या डोक्यावर दे. म्हातारा मला वेडा झाला का असं पाहत राहिला, पण त्यानं दिलं. दोन्ही हात वर गेले आणि मला पहिल्यांदा समजलं की गाठोड्याखाली माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. पायरी संपली की नाही हे कळत नाही. मी चाचपडत पुलावर आलो आणि आपोआप भिंतीकडं सरकलो. कंबर भिंतीला लागली आणि एकदम धीर आला. कंबर घासत घासत मी शेवटपर्यंत गेलो. गाठोडं ओतलं, मागं वळलो आणि तेव्हा भिंत पाहिली.

चुन्याच्या त्या पांढऱ्या भिंतीवर, जिन्याच्या पहिल्या पायरीपासून पुलाच्या टोकापर्यंत, एक गुळगुळीत तपकिरी पट्टा गेलेला होता. चार बोटं रुंद. कित्येक हंगाम बायांच्या कंबरा आणि लुगडी घासून घासून तो भिंतीवर उमटला होता. त्यांचा कठडा तिथं कधीचाच होता, मी त्याच्या समोरून रोज जात होतो. मी पट्टी लावून मोजलं. पट्ट्याची वरची कड दोन फूट नऊ इंचांवर, खालची त्याहून चार बोटं खाली.

मी तिथंच फळीवर बसून दुसरा नकाशा काढला, पेन्सिलीनं, पाठकोऱ्या कागदावर. टोपीवाल्या गृहस्थाला सुट्टी दिली. सागाची जाड फळी, चार बोटं रुंद, कडा गोल तासलेल्या, कंबर नुसती घसरत जावी अशी. खांब सगळे बाहेरच्या अंगानं, आत एकही खिळा, चिमटा, सांधा नको, म्हणजे पदर अडकायचा नाही. लोखंडी पाइप फेकला नाही. तो खाली गुडघ्याशी आडवा बसवला, कुणी घसरलं तर खालून जाऊ नये म्हणून. पुलाच्या कडेला पायाला लागेल अशी एक बारीक पट्टी. आणि जिना संपला तरी फळी हातभर पुढं न्यायची, मग खाली पाइप सलग ठेवून दोन पावलांची फट सोडायची आणि तिथून पुलाची फळी सुरू करायची. म्हणजे पाय न दिसणाऱ्या बाईलाही, कंबरेची फळी सुटली की कळावं, आता सपाट जमीन आली.

सुतार लाकडाचं नाव ऐकून खूश झाला. "आता माणसावानी बोलले तुमी," म्हणाला. शनिवारी रात्रीपर्यंत त्यानं फळ्या तासल्या, रविवारी जीन बंद असताना आम्ही त्या बसवल्या. तळहातानं, मग मनगटानं, मग गालानंसुद्धा त्यानं फळी तपासली. शेवटी चार हमाल बोलावून त्यांना फळीला पाठ लावून रेटायला सांगितलं. फळी हलली नाही.

सोमवारी सकाळी साहेब आले. बाया अंगणात जमल्या. माझी बायकोही सासूबाईंची भाकर द्यायचं निमित्त काढून आली होती.

"कठडा खाली कसा गेला?" साहेब म्हणाले. "आणि ही फळी मुठीत येणार कशी?"

"येणार नाही साहेब. हा धरायचा कठडा नाही, कंबर टेकायचा आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावर शंका होती. त्यांनी सासूबाईंना पुढं व्हायची खूण केली. सासूबाईंनी अंगणातलं सगळ्यात मोठं गाठोडं आपल्या डोक्यावर चढवायला सांगितलं. मी समोर उभा, म्हणून त्यांनी आधी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. म्हणजे पाय तर दिसत नव्हतेच, समोरचंही काही दिसत नव्हतं. मला वाटलं ओरडून सांगावं, अहो, आज तरी पदर काढा. पण मी कोण सांगणार? मी फक्त फळीकडं पाहत राहिलो.

त्या उघड्या बाजूनं जिना चढल्या. दोन्ही हात वर, कंबर फळीला लागलेली. पायरी, पायरी, पायरी. जिना संपला तिथं कंबरेची फळी सुटली, त्या क्षणभर थबकल्या, दोन पावलं सपाट टाकली आणि पुलाच्या फळीला पुन्हा लागल्या. कुठंही अडखळल्या नाहीत. खाली ढीग आता गुडघाभरच उरला होता.

पुलाच्या मध्यावर आल्या आणि त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. साहेबही एक पाऊल पुढं झाले. पदराआडून, डोक्यावर गाठोडं तसंच ठेवून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"जवाईबुवा, दोन बोटं खाली पाह्यजे होतं!"

कवडी वेचणाऱ्या आजीला खराखुरा ठसका लागला. माझ्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. लग्नाला आठ महिने झाले होते आणि सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या, तेही नाव ठेवायला, आणि तेही साहेबांपुढं, जेव्हा त्यांचं स्वतःचं काम पणाला लागलेलं होतं. आणि त्यांचं खरं होतं. मी फळीचा मध्य पट्ट्याच्या वरच्या कडेला धरला होता. मनात कुठंतरी पुस्तकातले तीन फूट अजून होते, त्यांच्याकडं मी झुकतं माप टाकलं होतं. बाया बुटक्या जास्त, उंच थोड्या; पट्ट्याची मधली रेघ दोन बोटं खाली होती.

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"दोन बोटं खाली पाहिजे म्हणतात. बरोबर आहे, साहेब. माझी चूक आहे."

सासूबाई तेवढ्यात पुढं गेल्या होत्या आणि गाठोडं ओतल्याचा आवाज आला. "इतके दिवस का नाही बोलल्या ह्या?" साहेब म्हणाले, आणि माझं उत्तर न ऐकताच पुढं म्हणाले, "आता बोलायला लागल्या आहेत तर मला गड्यांची गरज नाही. घ्या दोन बोटं खाली."

अंगणात असा गलका झाला की यंत्रावरचे लोक धावत बाहेर आले. मी त्याच संध्याकाळी सुताराबरोबर बसून फळी दोन बोटं खाली घेतली. आनंदाच्या भरात दोनदा हातोडा अंगठ्यावर बसला.

पुढच्या सुट्टीला मी जेवायला गेलो तेव्हा सासूबाईंनी नेहमीसारखा पदर ओढला आणि कोंबडीला सांगितलं की भाकर थंड होऊन राहिली आहे. घरात माझा मान होता तसाच राहिला. पण जिनात एखादी फळी उकलली, एखादा खिळा वर आला, की त्या तडक माझ्या टेबलाशी येऊन सगळ्यांदेखत मला सुनवायच्या. एवढा मान मला पुढं कुठल्या नोकरीत मिळाला नाही. त्या आणखी नऊ हंगाम पुलावर गेल्या, शेवटची दोन वर्षं तर पांढऱ्या केसांनी. कवडी वेचायला त्या कधी बसल्या नाहीत.